अमेरिकेतील विंटेज स्कूल बस

विंटेज स्कूल बस ही संज्ञा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शालेय वाहतुकीसाठी बांधल्या गेलेल्या आणि सेवेतून निवृत्त झाल्यावरही चालू स्थितीत जतन केलेल्या जुन्या बसगाड्यांसाठी वापरली जाते. पिवळा रंग, त्यावरील काळी अक्षरे, पुढे आलेले इंजिनाचे नाक आणि मागील आणीबाणीचे दार ही या गाड्यांची परिचित लक्षणे होत. या गाड्या संग्रहालये, हौशी संग्राहक, चर्च, छोट्या संस्था आणि फिरते घर बांधणारे लोक यांच्याकडे आढळतात. त्यांचे यांत्रिकी स्वरूप त्या काळच्या मालमोटारींसारखे असल्यामुळे त्या चालविण्याची व सांभाळण्याची पद्धत आजच्या बसपेक्षा बरीच वेगळी आहे.

## व्याप्ती

'विंटेज' या शब्दाची स्कूल बससाठी सर्वमान्य व्याख्या नाही. ऐतिहासिक वाहन म्हणून नोंदणी करण्यासाठी लागणारे वय राज्यागणिक बदलते. अनेक राज्यांत ते २५ वर्षे आहे. सुरक्षिततेच्या दृष्टीने मात्र १ एप्रिल १९७७ ही तारीख महत्त्वाची मानली जाते. त्या दिवसापासून स्कूल बसच्या बांधणीविषयीचे अनेक संघीय नियम लागू झाले. त्यामुळे दिसायला सारख्या असलेल्या दोन गाड्यांची अंतर्गत ताकद त्यांच्या बांधणीच्या तारखेनुसार फार वेगळी असू शकते.

## इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ग्रामीण भागातील मुलांना शाळेत नेण्यासाठी घोड्यांनी ओढलेल्या गाड्या वापरल्या जात. इंडियाना राज्यातील रिचमंड येथील वेन वर्क्स ही कंपनी अशा गाड्या बांधणाऱ्या आद्य उत्पादकांपैकी एक होती. घोडे बुजू नयेत म्हणून मुलांना मागच्या बाजूने चढविले जाई आणि बाके दोन्ही कडांना लांबीने लावलेली असत. स्कूल बसच्या मागील दाराचा उगम या रचनेत सांगितला जातो.

१९२७ मध्ये जॉर्जिया राज्यातील फोर्ट व्हॅली येथे फोर्ड मोटारींचे विक्रेते अल्बर्ट ल्यूस यांनी फोर्डच्या चासीवर पोलादी सांगाड्याची बॉडी बसविली. लाकडी बॉडी खराब रस्त्यांवर लवकर खिळखिळी होते, हा अनुभव त्यामागे होता. यातूनच ब्लू बर्ड ही कंपनी उभी राहिली. तिची ही पहिली बस मिशिगन राज्यातील डिअरबॉर्न येथील हेन्री फोर्ड संग्रहालयात जतन केलेली आहे.

१ डिसेंबर १९३८ रोजी युटाह राज्यात हिमवादळात रूळ ओलांडणाऱ्या स्कूल बसवर मालगाडी आदळली. चालक व वीसहून अधिक विद्यार्थी मृत्युमुखी पडले. स्कूल बसने प्रत्येक रेल्वे फाटकापाशी थांबून, दार उघडून कानोसा घेण्याचा नियम रूढ होण्यामागे हा अपघात कारणीभूत मानला जातो.

एप्रिल १९३९ मध्ये न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये शिक्षणतज्ज्ञ फ्रँक सायर यांनी स्कूल बसविषयी परिषद भरविली. राज्यांचे शिक्षणाधिकारी, बसनिर्माते व रंगतज्ज्ञ तिला उपस्थित होते. बॉडीची लांबी, छताची उंची, मधल्या वाटेची रुंदी इत्यादींबाबत ४४ मानके तेथे ठरली. पहाटेच्या व सायंकाळच्या अंधूक प्रकाशात काळी अक्षरे ज्यावर सहज वाचता येतील असा नारिंगी झाक असलेला पिवळा रंगही तेथेच निवडण्यात आला. सायर यांना 'पिवळ्या स्कूल बसचे जनक' म्हटले जाते.

## रचना

जुन्या काळातील बहुतेक स्कूल बस दोन कारखान्यांत मिळून तयार होत. इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल व चाके यांसह चासी इंटरनॅशनल हार्वेस्टर, फोर्ड, शेव्हरोले, जीएमसी किंवा डॉज यांची असे. बॉडी ब्लू बर्ड, वेन, थॉमस, वॉर्ड, कार्पेंटर, सुपीरियर यांसारख्या कंपन्या बसवीत. म्हणून एकाच बसला दोन नावे व दोन क्रमांक असतात आणि सुटे भाग शोधताना दोन्हींची नोंद लागते. कॅलिफोर्नियातील क्राउन व गिलिग या कंपन्या मात्र संपूर्ण बस स्वतः बांधत. क्राउनच्या अनेक बसगाड्यांचे इंजिन मध्यभागी, जमिनीखाली बसविलेले असे.

बॉडीचा सांगाडा एका बाजूच्या तळापासून छतावरून दुसऱ्या बाजूच्या तळापर्यंत जाणाऱ्या पोलादी कमानींचा असतो. त्यावर पत्रे रिबिटांनी ठोकलेले असतात. बाहेरून लांबीने धावणाऱ्या उठावदार पट्ट्या शोभेसाठी नसून बाजूने बसणारा धक्का पसरविण्यासाठी असतात. जमीन पोलादी पत्रा, त्यावर प्लायवुड व वर रबरी आच्छादन अशी तीन थरांची असते.

सुरुवातीच्या काळापासून १९७० च्या दशकापर्यंत पेट्रोल इंजिनांचे प्राबल्य होते. त्यानंतर डिझेल इंजिने व स्वयंचलित गिअरबॉक्स यांचा वापर वाढत गेला.

## चालविण्याची पद्धत

जुन्या स्कूल बसमधील हाताने बदलायच्या गिअरबॉक्सचे खालचे गिअर बहुधा सिंक्रोमेशशिवाय असतात. त्यामुळे 'डबल क्लच' करावा लागतो. खालच्या गिअरमध्ये येताना क्लच दाबून गाडी न्यूट्रलमध्ये घ्यायची, क्लच सोडून इंजिनाचा वेग वाढवायचा आणि पुन्हा क्लच दाबून गिअर टाकायचा, असा हा क्रम आहे. इंजिनाचा वेग जुळला नाही तर दाते घासतात आणि गिअर पडत नाही. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये अडकून राहणे धोकादायक असल्याने योग्य गिअर उतार सुरू होण्यापूर्वीच घेतला जातो.

काही बसगाड्यांना दोन वेगांचा मागील एक्सल असतो. गिअरच्या दांड्यावरील बटणाने तो बदलता येतो व प्रत्येक गिअरला दोन पायऱ्या मिळतात. हा बदल तीव्र उतारावर करणे टाळले जाते, कारण बदल अर्धवट राहिल्यास चाकांना इंजिनाचा रोध मिळत नाही.

ड्रम ब्रेक सतत दाबून धरल्यास तापतात व त्यांची पकड कमी होते. म्हणून उतारावर वेग मुख्यतः इंजिनाच्या रोधावर राखून ब्रेक थोड्या वेळासाठी पण ठामपणे दाबण्याची पद्धत आहे. निर्वात साहाय्य असलेल्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये इंजिन बंद पडल्यास मोजक्याच वेळा ब्रेकला साहाय्य मिळते. त्यानंतर पेडल फार जड होते.

वळण घेताना मागील चाके पुढील चाकांपेक्षा आतल्या बाजूने जातात, तर मागील चाकांच्या मागे असलेला शेपटाचा भाग विरुद्ध दिशेने बाहेर झुकतो. सपाट तोंडाच्या बसमध्ये चालक पुढील एक्सलच्याही पुढे बसलेला असल्यामुळे स्टिअरिंग उशिरा फिरवावे लागते.

१९८६ च्या संघीय कायद्याने व्यावसायिक वाहनचालकांसाठी देशभर समान परवान्याची व्यवस्था आणली. चालकासह १६ किंवा अधिक आसनांची बस प्रवासी वाहतुकीसाठी चालविण्यास असा परवाना व प्रवासी वाहतुकीची विशेष नोंद लागते. खासगी वापरातील बसगाड्यांचे नियम राज्यानुसार बदलतात.

## देखभाल

### प्रवासापूर्वीची तपासणी

प्रत्येक फेरीपूर्वी गाडीभोवती फिरून तपासणी करणे ही स्कूल बसचालकाची रूढ जबाबदारी आहे. तीत टायर, चाकांचे नट, ऑइल व पाण्याची गळती, दिवे, आरसे, आणीबाणीचे दार आणि त्याची सूचना देणारी घंटा यांचा समावेश होतो. जुन्या बसच्या बाबतीत ही सवय विशेष महत्त्वाची ठरते, कारण तिच्यात आधुनिक इलेक्ट्रॉनिक इशारे नसतात.

### ब्रेक

अनेक जुन्या हायड्रॉलिक ब्रेकयंत्रणांत सर्व चाकांसाठी एकच मार्ग असतो. एखादी नळी फुटली तरी चारही चाकांचे ब्रेक निकामी होऊ शकतात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते व त्यामुळे नळ्या आतून गंजतात. म्हणून गाडी उभी असली तरी ते ठरावीक काळाने बदलावे लागते. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे ड्रममधील धूळ हवेच्या झोताने उडविली जात नाही.

एअर ब्रेक असलेल्या बसमध्ये हवेच्या टाक्यांतील पाणी व तेल नियमित काढावे लागते. ब्रेक सोडलेले असताना व इंजिन बंद असताना दाब मिनिटाला २ पौंड प्रति चौरस इंचापेक्षा अधिक, आणि पेडल दाबलेले असताना ३ पौंडांपेक्षा अधिक घटता कामा नये, अशी एकट्या वाहनासाठी नेहमीची कसोटी आहे. दाब सुमारे ६० पौंडांवर येण्यापूर्वी इशारा मिळाला पाहिजे. हाताने जुळवायच्या स्लॅक अ‍ॅडजस्टरची वारंवार तपासणी आवश्यक असते.

### बॉडी व रंग

बसचे आयुष्य बहुधा इंजिनापेक्षा गंज ठरवितो. हिमप्रदेशात रस्त्यांवर मीठ टाकले जाते; तेथे वापरलेल्या गाड्यांचे पायरीचे खोके, चाकांवरील कमानी आणि जमिनीचा पत्रा प्रथम खराब होतो. खिडक्यांच्या चौकटींतून झिरपणारे पाणी रबरी आच्छादनाखाली साचते व प्लायवुड वर्षानुवर्षे ओले राहते. म्हणून वरून जमीन चांगली दिसत असली तरी खाली जाऊन चासी, बॉडी चासीला जखडणारे पकडभाग आणि पत्रा ठोकून पाहिला जातो.

मूळच्या पिवळ्या रंगात शिशाचे क्रोमेट असे. पुढे शिसे वगळण्यात आले व रंगाचे अधिकृत नावही बदलले. त्यामुळे जुना रंग कोरडा घासल्यास विषारी धूळ उडते आणि हे काम करताना योग्य मुखवटा व ओल्या घासणीची पद्धत वापरली जाते.

### इंजिन व चाके

१ जानेवारी १९९६ पासून अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोलवर बंदी आहे. शिशामुळे व्हॉल्व्हच्या बैठकांना संरक्षण मिळे. त्यामुळे जड ओझ्याखाली चालणाऱ्या जुन्या इंजिनांत दुरुस्तीच्या वेळी कठीण धातूच्या बैठका बसविल्या जातात. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबरी नळ्या खराब करते, म्हणून त्या बदलणे हितावह असते. ज्या डिझेल इंजिनांचे सिलिंडर स्लीव्ह थेट पाण्याला भिडलेले असतात, उदाहरणार्थ इंटरनॅशनलचे डीटी-४६६, त्यांत योग्य रसायनयुक्त कुलंट नसल्यास स्लीव्हला बाहेरून सूक्ष्म खड्डे पडतात.

टायरची नक्षी शाबूत असली तरी वयोमानाने रबर तडकते. मागील जोडचाकांपैकी आतल्या टायरची हवा दिसून कळत नाही. ती मापकानेच तपासावी लागते. काही जुन्या गाड्यांच्या रिम अनेक तुकड्यांच्या असतात. हवा भरताना त्यांचे कडे सुटून उडाल्यास प्राणघातक इजा होते, म्हणून हे काम संरक्षक पिंजऱ्यात प्रशिक्षित कारागिरानेच करायचे असते.

## सुरक्षितता

१९७७ च्या नियमांनी छताची ताकद, पत्र्यांच्या जोडांची मजबुती, इंधनयंत्रणेचे संरक्षण आणि आसनांची रचना यांना किमान मर्यादा घालून दिल्या. आसनांच्या उंच व गादीदार पाठी जवळजवळ बसवून धडकेच्या वेळी मुलांना त्या जागेतच सामावून घेण्याचे तत्त्व याच नियमांतून आले. त्यापूर्वीच्या बसमधील आसनांच्या पाठी ठेंगण्या असून वरच्या कडेला धातूची उघडी दांडी असे.

दोन अपघात जुन्या बसच्या संदर्भात नेहमी उल्लेखिले जातात. २१ मे १९७६ रोजी कॅलिफोर्नियातील मार्टिनेझ येथे विद्यार्थ्यांच्या सहलीची १९५० साली बांधलेली बस महामार्गावरून उतरताना ब्रेकमधील हवेचा दाब गेल्यामुळे कठडा तोडून छतावर कोसळली. २८ विद्यार्थी व एक प्रौढ व्यक्ती मरण पावली.

१४ मे १९८८ रोजी केंटकीतील कॅरलटनजवळ चर्चच्या मालकीच्या, पूर्वी शालेय सेवेत असलेल्या बसला चुकीच्या दिशेने आलेल्या मद्यधुंद चालकाच्या पिकअप वाहनाने धडक दिली. बसची चासी नियम लागू होण्यापूर्वी अवघे काही दिवस आधी तयार झाल्यामुळे तिच्या पेट्रोलच्या टाकीला संरक्षक चौकट नव्हती. टाकी फुटून आग लागली, पुढचे दार अडले आणि ६७ जणांना प्रामुख्याने मागील दारातून बाहेर पडावे लागले. त्यांपैकी २७ जण मृत्युमुखी पडले. मृत्यूंचे कारण धडक नसून आग व धूर हे होते. त्यानंतर केंटकीने स्कूल बसमधील आणीबाणीच्या मार्गांची संख्या वाढविली.

यामुळे १९७७ पूर्वीच्या बसगाड्या प्रदर्शन व मर्यादित फेऱ्यांसाठी ठेवाव्यात, मुलांच्या नित्य वाहतुकीसाठी वापरू नयेत, असा सुरक्षातज्ज्ञांचा कल असतो. अशा बसमध्ये प्रवासी घेताना आणीबाणीच्या दारासमोर आसन किंवा सामान न ठेवणे अत्यावश्यक मानले जाते.

## निवृत्तीनंतरचा उपयोग

शालेय सेवा संपल्यावर बस विकताना अनेक राज्यांत तिचा पिवळा रंग बदलणे, 'स्कूल बस' ही अक्षरे पुसणे आणि चमकणारे दिवे व थांब्याचा हात निकामी करणे बंधनकारक असते. इतर वाहनचालकांनी मुलांसाठी थांबण्याची खूण भलत्याच वाहनावर राहू नये, हा त्यामागचा उद्देश आहे. संग्रहालयातील वा प्रदर्शनातील बससाठी काही राज्ये सवलत देतात.

बसचे फिरत्या घरात रूपांतर करण्याची प्रथा जुनी असून अशा गाडीला बोलीभाषेत 'स्कूली' म्हणतात. लेखक केन केसी यांनी १९६४ मध्ये घेतलेली १९३९ ची इंटरनॅशनल हार्वेस्टर बस यांपैकी सर्वांत प्रसिद्ध होय. अनेक निवृत्त बस मध्य अमेरिकेत विकल्या जातात. ग्वाटेमालात त्या रंगीबेरंगी नक्षीने सजवून सार्वजनिक वाहतुकीसाठी वापरल्या जातात.

## भारतातील स्थिती

भारतातही स्कूल बससाठी पिवळा रंग स्वीकारला गेला आहे आणि महाराष्ट्रात स्कूल बसविषयी स्वतंत्र नियम २०११ मध्ये करण्यात आले. मात्र भारतीय स्कूल बस देशी चासीवर बांधलेल्या असल्यामुळे अमेरिकी बसशी त्यांचे साम्य मुख्यतः रंगापुरते मर्यादित आहे.