आडनाव बोलीतले, आडनाव दप्तरातले

वर्धापनदिनाच्या देणगीदारांची यादी लिहायला बसलो आणि पहिल्याच पानावर अडलो. वहीत मेसराम, पावतीवर मेश्राम. चूक समजून आम्ही खोडणार, तोच समोर बसलेले आजोबा म्हणाले, "राहू द्या ना बापा, आमच्याकडे असंच म्हनतेत."

आजोबांचे खरेच होते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या झाडीबोलीत श, ण, ळ हे उच्चार नाहीतच. श चा स होतो, ण चा न, आणि ळ चा र. डोळा म्हणजे डोरा. नागपूरकडे नगराळे आहेत आणि नगरारेही आहेत. आम्हांला तरी ही दोन्ही आडनावे मुळात एकच वाटतात. पण आडनाव सारखे म्हणून माणसे एका कुळीची, असेही धरू नये. आदिलाबाद जिल्ह्यात केसलापूरची नागोबा जत्रा भरवणारे मेसराम हे गोंड आहेत.

गावावरून आडनाव करण्याची तऱ्हाही मुलखागणिक निराळी. कोकणात आणि देशावर 'कर' लावतात. रामटेकचा मात्र रामटेके, नागपूरचा नागपुरे. (विदर्भात बोरकरही पुष्कळ, हे आलेच.) गोव्यात कोकणी बोलणारा स्वतःला गोंयकार म्हणवतो, तिथे 'कर'चा 'कार' झाला.

बाबासाहेबांच्या घराण्याचे आडनाव सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. त्यावरून आंबडवेकर. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी नोंद झाली ती 'भिवा रामजी आंबेडकर' अशी. शिक्षकांनी आपले आडनाव दिले, ही आठवण धनंजय कीरांच्या चरित्रात आहे. दप्तरात जे चढले तेच जगाने उचलले.

आपल्यासारख्यांना हे दप्तर फार जड जाते. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. मग गावी जाऊन कोतवाल बुक शोधा, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर शोधा. तिथे लिहिणाऱ्याने कानाला ऐकू आले तसे लिहिलेले. आजोबा मेसराम, नात मेश्राम! दोन्ही एकच, हे पटवण्यासाठी प्रतिज्ञापत्र करा, खेटे घाला. आमच्या वस्तीतल्या एका मुलीचे प्रवेशाचे वर्ष त्यापायी जाता जाता वाचले.

म्हणून सांगतो, जुन्या नोंदीची नक्कल आताच काढून ठेवा, आणि घरातल्या म्हाताऱ्यांना आडनाव उच्चारायला लावून ते तसेच्या तसे लिहून घ्या. आमच्या यादीत ते मेसराम असेच छापले आहे. पावती मेश्राम नावाने फाडली आहे.