परवान्यानंतरची शाळा
विमान कंपन्या आपले वैमानिक कसे घडवतात?

- प्रतिनिधी

१ जानेवारी १९७८. नववर्षाच्या पहिल्याच रात्री सव्वाआठच्या सुमारास एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे बोइंग ७४७ विमान सांताक्रूझ विमानतळावरून दुबईकडे झेपावले आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरच्या अरबी समुद्रात कोसळले. विमानातील १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी असे सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले.

विमानाची इंजिने चालू होती. बिघडले होते ते एक उपकरण. विमान क्षितिजाच्या तुलनेत किती व कोणत्या बाजूला कलले आहे, हे सांगणारा कप्तानासमोरचा दर्शक चुकीची माहिती देत होता. विमान सरळ झाले, तरी तो ते उजवीकडे कललेले दाखवत राहिला. खाली काळा समुद्र, वर काळे आकाश. डोळ्यांना आधार द्यायला क्षितिजच नव्हते. कप्तानाने दर्शकावर विश्वास ठेवून विमान डावीकडे कलते केले आणि ते पुरते आडवे होऊन पाण्यात गेले. इतर उपकरणांच्या आधारे विमान सावरण्यात वैमानिक अपयशी ठरले, असा निष्कर्ष चौकशीतून निघाला.

यंत्र खोटे बोलले किंवा माणूस चुकला, तर ती चूक कोण पकडणार, किती सेकंदांत आणि कोणत्या शब्दांत? विमान कंपन्यांचे आजचे वैमानिक प्रशिक्षण म्हणजे या एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर होय.

परवाना ही केवळ सुरुवात

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवण्यासाठी २०० तासांच्या उड्डाणाचा अनुभव लागतो. हवामानशास्त्र, दिशादर्शन, हवाई नियम आणि विमानाचे तंत्र या विषयांच्या परीक्षा वेगळ्या. महाराष्ट्रात गोंदिया, बारामती, धुळे येथे हे शिक्षण मिळते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मिरजगावसारख्या गावातील मुलालाही बारामती आता परक्या मुलखातली वाटत नाही. अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावर मोठी प्रशिक्षण संस्था उभारण्याची घोषणा एअर इंडियाने २०२४ मध्ये केली.

परंतु ही उड्डाणे होतात ती जेमतेम एक-सव्वा टन वजनाच्या छोट्या विमानांवर. विमान कंपनीत रुजू झाल्यावर समोर येते ते ७० टनांहून अधिक वजन घेऊन उडणारे, सुमारे १८० प्रवाशांचे एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७. अशा प्रत्येक प्रकारच्या विमानासाठी परवान्यावर स्वतंत्र नोंद करून घ्यावी लागते. तिला 'टाइप रेटिंग' म्हणतात. खरी शाळा सुरू होते ती येथून.

आधी यंत्रणा, मग उड्डाण

पहिले काही आठवडे वर्गातच जातात. वीजपुरवठा, इंधन, इंजिने, हायड्रॉलिक, केबिनमधील हवेचा दाब, स्वयंचलित चालक अशी एकेक यंत्रणा उलगडून शिकवली जाते. वैमानिकाने अभियंता व्हावे अशी अपेक्षा नसते. 'हा दिवा लागला, तर आपण काय गमावले आणि आपल्या हाती काय उरले', याचे उत्तर मात्र त्याला देता आले पाहिजे.

हायड्रॉलिक यंत्रणेचेच उदाहरण घ्या. ए-३२० मध्ये हिरवी, निळी आणि पिवळी अशा तीन स्वतंत्र हायड्रॉलिक यंत्रणा असतात. दोन्ही इंजिने बंद पडली, तर पोटाखालून एक छोटा पंखा बाहेर येतो, वाऱ्याच्या वेगाने फिरतो आणि निळ्या यंत्रणेला बळ पुरवतो. बोइंग ७३७ ची रचना निराळी आहे. त्याच्या हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या, तरी तारांच्या साह्याने, अंगमेहनतीने का होईना, विमानाचे नियंत्रण राखता येते. एका विमानात मुरलेला वैमानिक दुसऱ्यासाठी पुन्हा विद्यार्थी होतो, तो यामुळेच.

काही कृती तर पुस्तक न उघडता, पाठ म्हणून कराव्या लागतात. ३५ हजार फुटांवर केबिनमधील दाब अचानक गेला, तर माणसाला शुद्धीत विचार करण्यासाठी मिनिटभराचाही अवधी धड मिळत नाही. म्हणून वैमानिकाने आधी स्वतःचा प्राणवायूचा मुखवटा चढवायचा आणि मग बाकी सारे करायचे.

यंत्रणेचे अज्ञान किती महाग पडते, हे बोइंग ७३७ मॅक्सने दाखवले. विमानाचे नाक आपोआप खाली दाबणारी 'एमकॅस' ही प्रणाली त्यात बसवली होती, पण वैमानिकांच्या पुस्तिकेत तिचे वर्णनच नव्हते. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात या विमानाचा अपघात झाला. त्यानंतर प्रणालीची माहिती उघड झाली, तरी मार्च २०१९ मध्ये इथिओपियात दुसरे विमान कोसळले. दोन्ही मिळून ३४६ जणांचा बळी गेला. भारताने हे विमान जमिनीवर ठेवले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये, सिम्युलेटरवरील प्रशिक्षणाच्या अटीसह, पुन्हा उडू दिले. एप्रिल २०२२ मध्ये प्रशिक्षण नीट झाले नसल्याचे आढळल्यावर डीजीसीएने एका कंपनीच्या ९० वैमानिकांना मॅक्स चालवण्यास मनाई केली.

जमिनीवरचे आकाश

वर्गानंतर येतो सिम्युलेटर. हायड्रॉलिक किंवा विजेवर चालणाऱ्या सहा पायांवर उभे असलेले हे कॉकपिट डोलते, हादरते, पावसात शिरते. एक सत्र साधारण चार तासांचे असते. त्याआधी पूर्वतयारी आणि नंतर झालेल्या चुकांची उजळणी. दोन प्रशिक्षणार्थी आळीपाळीने विमान चालवतात आणि मागे बसलेला प्रशिक्षक एकामागून एक संकटे धाडतो.

त्यातील नेहमीचे संकट म्हणजे उड्डाणाच्या ऐन क्षणी एक इंजिन बंद पडणे. धावपट्टीवर एक वेग असा असतो की त्यापुढे थांबणे धोक्याचे आणि उडणेच सुरक्षित ठरते. नेमक्या त्या वेगाला इंजिन गेले की विमान एका बाजूला ओढले जाते. ते सरळ ठेवायचे, वर न्यायचे, पुरेशी उंची गाठेपर्यंत घाई करायची नाही आणि मगच यादीनुसार उपाय सुरू करायचे. हे इतक्या वेळा करून घेतले जाते की प्रत्यक्ष प्रसंगी मन गोंधळले, तरी हात गोंधळू नयेत. विमान विचित्र कोनात गेल्यास आधी उपकरणे परस्परांशी पडताळून ते कसे सावरायचे, याचाही अभ्यास आता होतो. १९७८ च्या त्या रात्री याचीच उणीव भासली होती.

दोन खुर्च्या, दोन कामे

कॉकपिटमध्ये दोघेही एकच काम करत नाहीत. एक विमान चालवतो. दुसरा लक्ष ठेवतो, रेडिओवर बोलतो आणि यादी वाचतो. वेग, उंची, चाके अशा प्रत्येक टप्प्यावर ठरलेला शब्द उच्चारायचा आणि समोरच्याने ठरलेले उत्तर द्यायचे. उत्तर आले नाही किंवा चुकीचे आले, तर तीच धोक्याची पहिली खूण.

या शिस्तीमागेही इतिहास आहे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर दोन जम्बो विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ जण ठार झाले. कनिष्ठाने शंका काढली होती, ज्येष्ठाने ती झटकली होती. अशा अपघातांनंतर १९७९ मध्ये 'नासा'ने या विषयावर परिषद घेतली आणि १९८१ मध्ये अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सने कॉकपिटमधील परस्परसंवादाचा अभ्यासक्रम सुरू केला. 'क्रू रिसोर्स मॅनेजमेंट' या नावाने तो आज जगभर सक्तीचा आहे. त्यात सहवैमानिकाला चढती पायरी शिकवतात : आधी विचारा, मग स्पष्ट सांगा, मग आग्रह धरा आणि तरीही काही झाले नाही, तर 'आय हॅव कंट्रोल' म्हणून नियंत्रण हाती घ्या. वडीलधाऱ्यांना उलट बोलू नये, या संस्कारात वाढलेल्या आपल्याकडच्या तरुणाला शेवटची पायरी सर्वांत अवघड जाते.

७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोड येथे ती पायरी गाठलीच गेली नाही. दुबईहून आलेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानाचे सारथ्य कॅप्टन दीपक साठे करत होते. हवाई दलात कारकीर्द गाजवलेल्या या वैमानिकाच्या कौशल्याविषयी कोणालाच शंका नव्हती. मुसळधार पाऊस, पाठीमागून वारा आणि टेकडीवरची धावपट्टी. विमान ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर ४,४३८ फुटांवर टेकले आणि टोकावरून खाली गेले. दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा मृत्यू झाला. सहवैमानिकाने 'गो अराउंड', म्हणजे विमान पुन्हा वर घेण्याचा इशारा दिला होता. तो पाळला गेला नाही आणि सहवैमानिकाने नियंत्रणही हाती घेतले नाही, असे चौकशी अहवालाने नमूद केले. कंपनी व यंत्रणेतील त्रुटींकडेही अहवालाने बोट दाखवले. कौशल्य कितीही असो, पद्धतीला पर्याय नाही, हाच त्याचा अर्थ.

न संपणारी परीक्षा

सिम्युलेटरची परीक्षा उत्तीर्ण झालेला वैमानिक प्रवाशांसह उडतो, तो प्रथम प्रशिक्षक कप्तानाच्या देखरेखीखाली. त्यानंतरही सुटका नाही. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर कसोटी, शिवाय प्रत्यक्ष उड्डाणात तपासणी आणि आग, धूर किंवा पाण्यावर उतरणे यांचा केबिन कर्मचाऱ्यांसह सराव. सहवैमानिकाचा कप्तान होताना तर बरेचसे शिक्षण नव्याने. निवृत्तीच्या आदल्या वर्षीही कप्तानाला हीच परीक्षा द्यावी लागते.

प्रवाशाला यातले फारसे दिसत नाही. क्वचित असे होते की धावपट्टी खिडकीतून दिसू लागते, चाके टेकणार असे वाटते आणि इंजिने गर्जून विमान पुन्हा वर जाते. केबिनमध्ये कुजबुज होते, कोणी घड्याळ पाहतो. त्या क्षणी कॉकपिटमध्ये एकाने ठरलेला शब्द उच्चारलेला असतो आणि दुसऱ्याने तो ऐकलेला असतो. पंधरा-वीस मिनिटांच्या त्या उशिराबद्दल तक्रार करण्यापूर्वी एवढे आठवले, तरी पुरे.