तवंदी घाटावरून दिसलेलं हिमयुग

तवंदी घाटाच्या माथ्यावर गाडी बाजूला घ्या आणि उतरा. खाली निपाणीचं शिवार पसरलंय, तंबाखू, ऊस, मधून वाहणारी वेदगंगा. पाठीमागे संकेश्वरवरून बेळगावकडे धावणारा रस्ता. आता 21,000 वर्षं मागे चला.

डोंगर ओळखीचेच दिसतील. हा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, त्याला एवढ्या काळाचं काय! हवा मात्र पार वेगळी आहे. मे महिन्याची दुपार असूनही अंगाची लाही होत नाही, आणि पहाटे इथे थांबलात तर घोंगडीवाचून निभाव लागणार नाही. उष्ण कटिबंधातल्या सखल जमिनीही तेव्हा आजच्यापेक्षा पाच-सहा अंशांनी थंड होत्या.

बर्फ शोधताय? मान वर करा. हवेत जिथे तापमान शून्यावर येतं ती पातळी आज आपल्या डोक्यावर सुमारे पाच किलोमीटरवर असते. तुम्ही उभे आहात त्या काळात ती जवळजवळ हजार मीटर खाली उतरली आहे. तरीही सह्याद्री तिच्यापासून फार लांब. कळसूबाई 1,646 मीटर, निलगिरीतलं दोड्डबेट्टा 2,637. म्हणून इथे हिमनदी कधी नांदली नाही. पण याच उष्ण कटिबंधातले उंच पर्वत, किलिमांजारो, रुवेन्झोरी, अँडीज, न्यू गिनीचे डोंगर, यांच्या अंगावर बर्फ आजच्यापेक्षा कितीतरी खाली आलाय. हवाई बेटावरच्या मौना केआला तर बर्फाची टोपीच आहे. आज तिथे फक्त हिवाळ्यात थोडं हिम पडतं. हिमनद्यांनी ढकलत आणलेल्या दगडगोट्यांचे बांध त्या उतारांवर अजून आहेत, आणि बर्फ कुठवर पोचला होता ते त्यांवरूनच कळतं.

या बांधांनी शास्त्रज्ञांना बरीच वर्षं कोड्यात टाकलं होतं. 1976 मध्ये समुद्रतळाच्या गाळावरून एक मोठा नकाशा तयार झाला. त्यात उष्ण कटिबंधातला समुद्र जेमतेम एक-दोन अंशांनीच थंड झालेला दिसत होता. बर्फ एवढा खाली यायला तेवढी थंडी पुरत नाही. मग खरं कोण, समुद्र की डोंगर? उत्तर जमिनीखालच्या पाण्यात मिळालं. पाऊस मुरताना हवेतले निऑन, क्रिप्टॉनसारखे वायू पाण्यात विरघळतात आणि किती विरघळायचं ते तापमान ठरवतं. थंडीत जास्त, उन्हाळ्यात कमी. हिमयुगात मुरलेलं पाणी जगभरच्या विहिरींतून काढून तपासलं, आणि 2021 मध्ये आकडा आला: सुमारे सहा अंश. डोंगर खरं बोलत होते. शिवाय कोरडी हवा वर चढताना दमट हवेपेक्षा लवकर गार होते, त्यामुळे उंचावरची थंडी आणखी वाढली होती.

कोरडी हवा! आपल्या मुलुखाचं हिमयुग ते हेच. आणखी महिनाभर इथेच थांबा. मिरग निघाला तरी आभाळ भरून येत नाही. आशियाची जमीन गारठलेली, समुद्रही गार, बाष्प कमी. वाऱ्यांना इकडे खेचणारी ओढच मंदावली आहे. पाऊस येतो, पण हलका आणि लहरी. आज आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, बेळगावात बाराशे-तेराशे. पूर्वेला गोकाककडे जाल तसा तो आटतच जातो. त्या काळचा नेमका आकडा मी सांगणार नाही, पण घाटमाथ्याची ही श्रीमंती तेव्हा नव्हती. पश्चिम किनाऱ्यालगतच्या समुद्रगाळात सापडलेले परागकण तेच सांगतात: सदाहरित झाडांचे कमी, खारफुटीचे कमी. निलगिरीतल्या दलदलींमधला कुजलेल्या वनस्पतींचा हजारो वर्षांचा थर रमण सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासला. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात या काळात कोरड्या हवेत तगणाऱ्या गवताचा वरचष्मा दिसला. हवेतला कार्बन डायऑक्साइड तेव्हा दहा लाख भागांत 190 च्या आसपास होता. अशा हवेत झाडांपेक्षा या गवतांचं बरं चालतं.

नद्याही रोडावल्यात. विश्वास काळे आणि शरद राजगुरू यांनी 1987 मध्ये दख्खनच्या वायव्येकडल्या नद्यांबद्दल दाखवून दिलं की त्या काळात त्यांना गाळ वाहून न्यायचं बळ नव्हतं. पात्रं भरत गेली.

माणसं आहेत. उत्तरेला खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण्याला चला, आणि आणखी चारेक हजार वर्षं मागे. तिथे कुणीतरी शहामृगाच्या अंड्याचं कवच हातात घेऊन बसलंय. होय, शहामृग, महाराष्ट्राच्या माळावर! गारगोटीच्या धारदार टोकाने तो माणूस दोन रेघा ओढतो आणि त्यांच्या मधल्या पट्टीत तिरक्या रेघांची जाळी भरतो. हात घसरू नये म्हणून श्वास रोखून धरलाय. एस. ए. साळी यांना उत्खननात मिळालेला तो तुकडा सुमारे 25,000 वर्षांपूर्वीचा आहे. आपल्या शाळांत हिमयुग म्हटलं की केसाळ मॅमथचं चित्र लावतात. मला वाटतं, त्याच्या शेजारी हा तुकडा हवाच हवा.

आता आपल्या 21,000 वर्षांपूर्वीच्या काळात परत येऊन घाट उतरा आणि कोकणात या. विजयदुर्गासमोर पाणी नाही. पृथ्वीचं इतकं पाणी बर्फात अडकलंय की समुद्र सुमारे 120 मीटर खाली गेला आहे. किनाऱ्यापासून शंभरहून जास्त किलोमीटरवर, जिथे आज आंग्रिया बँक नावाचं प्रवाळाचं पठार वीसेक मीटर पाण्याखाली आहे, तिथे उघडी टेकडी उभी आहे. तिला ज्यांचं नाव मिळालं त्या कान्होजी आंग्र्यांचं आरमार या वाटेने जायला अजून एकवीस हजार वर्षं आहेत.

परतीची वाट सरळ नाही. 14,700 वर्षांपूर्वीच्या सुमारास पावसाने उचल खाल्ली, 12,900 वर्षांपूर्वी पुन्हा ओढ दिली, आणि 11,700 नंतर तो असा आला की नद्यांनी आपलाच साठवलेला गाळ कापून काढला. कार्बन डायऑक्साइड 190 वरून 280 वर जायला हजारो वर्षं लागली होती. 280 वरून 420 पलीकडे तो दोनशे वर्षांच्या आत गेला. शून्याची ती पातळी आता वर सरकतेय. बोलिव्हियातली चाकालतायाची हिमनदी 2009 मध्ये संपली. किलिमांजारोवर 1912 मध्ये मोजलेल्या बर्फाचा पाचवा हिस्सासुद्धा उरलेला नाही.

हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. कोरड्या हिमयुगाचं हे नेमकं उलटं टोक आहे, आणि ते बघायला तवंदी घाट उतरून निपाणीच्या पुढे यमगर्णीपर्यंत गेलं तरी पुरे. 2019 च्या ऑगस्टमध्ये वेदगंगा तिथे महामार्गावर चढली आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक थांबली. 2021 च्या जुलैमध्ये ती पुन्हा चढली.