भर्तव्य आणि अंशभागी

1996 च्या फेब्रुवारीच्या 7 तारखेस आपल्या देशात एक कायदा अमलात आला. त्याचे नाव लांबलचक होते : ‘अपंग व्यक्ती (समान संधी, हक्कांचे संरक्षण व संपूर्ण सहभाग) अधिनियम, 1995’. ह्या गोष्टीला आता तीन दशकांचा काळ लोटला. तिचा वर्धापनदिन साजरा करावयाचा तर एक लहानशी अडचण आहे : हा कायदा आज हयात नाही. 2017 च्या एप्रिलच्या 19 तारखेस ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016’ अमलात आला आणि जुना कायदा रद्द झाला. तेव्हा वाढदिवस करावयाचा की श्राद्ध, असे एखाद्या खोडकर विद्यार्थ्याने विचारल्यास मला उत्तर देणे कठीण जाईल. परंतु श्राद्धात मागील पिढ्यांची नावे घ्यावी लागतात, आणि ह्या कायद्याच्या बाबतीत तीच गोष्ट सहसा कोणी करीत नाही. त्याचा जन्म जणू 1992 सालच्या पेकिंगच्या परिषदेतच झाला, असे समजून लोक बोलतात. त्या परिषदेच्या जाहीरनाम्याचा उल्लेख कायद्याच्या प्रस्तावनेतच आहे, हे खरे. पण घराण्याचे मूळ त्याहून पुष्कळ जुने आहे, आणि ते आपल्याच माजघरात आहे.

याज्ञवल्क्यस्मृतीतील दायविभागाच्या प्रकरणात आंधळा, पांगळा, वेडा, जड, असाध्य रोगाने पीडलेला अशा व्यक्तींची एक यादी आहे. त्यांच्या संबंधीचा निर्णय दोन शब्दांत सांगितला आहे. एक ‘भर्तव्य’ आणि दुसरा ‘निरंशक’. म्हणजे त्यांना पोसावे, पण वाटा देऊ नये. मनूनेही असेच सांगितले आहे, आणि जो त्यांना अन्नवस्त्र देणार नाही तो पतित होईल, अशी जरबही घातली आहे.

ह्या व्यवस्थेची नुसती थट्टा करणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. ज्या काळी राज्यसत्ता दुर्बलांच्या पोटाची हमी घेत नसे, त्या काळी कुटुंबावर ती बंधनकारक करणे ही लहान गोष्ट नव्हती. विज्ञानेश्वराने कल्याणीस, विक्रमादित्य चालुक्याच्या अमदानीत, मिताक्षरा लिहिली तेव्हा ह्या नियमाची धार त्याने शक्य तितकी बोथट केली. दोष वाटणीपूर्वी असेल तरच वाटा बुडतो, मागाहून आल्यास नाही. औषधाने दोष गेला तर वाटा मिळतो. आणि अशा माणसाचा पुत्र निर्दोष असेल तर त्याला वाटा मिळालाच पाहिजे. (महाभारतातल्या भांडणाचे एक बीज ह्या शेवटच्या कलमातच नाही काय? बाप आंधळा म्हणून राज्याला मुकला असेल, पण मी डोळस आहे, माझे काय, हा दुर्योधनाचा प्रश्न निव्वळ दुष्टाव्याचा नव्हता. त्याचे पुढचे वर्तन गैर होते. वकिली मुद्दा मात्र अगदीच टाकाऊ नव्हता.) इतके असूनही मूळ सिद्धान्त टिकून राहिला. ज्याला पोसावयाचे तो मालक नव्हे.

इंग्रजी न्यायालये आली तेव्हा त्यांनी हा नियम मोडला नाही, तासला मात्र. 1876 च्या सुमारास मुंबईच्या उच्च न्यायालयाने ठरविले की आंधळेपणा जन्मतः असेल तरच वारसा जातो. कुष्ठाच्या बाबतीतही रोग वाहत्या जखमांचा, उग्र स्वरूपाचा असला पाहिजे, असा निर्वाळा दिला गेला. म्हणजे वारसाच्या दाव्यात वैद्याची साक्ष निघू लागली, आणि भाऊ भावाच्या डोळ्यांविषयी शपथेवर बोलू लागला. अखेर 1928 साली मध्यवर्ती कायदेमंडळाने ‘हिंदू वारसा (अपात्रता-निवारण) कायदा’ केला. रोग, व्यंग किंवा शारीरिक अथवा मानसिक दोष एवढ्याच कारणाने कोणाला वारशातून वा एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळू नये, असे त्याने सांगितले. जन्मापासून वेडा किंवा जड असलेल्याला मात्र तोही वगळूनच राहिला. बंगालच्या दायभागाला तो लागू नव्हता. शिवाय त्यात एक बचावाचे कलम होते : पूर्वी उत्पन्न झालेल्या हक्कांना बाध येणार नाही.

हे बचावाचे कलम आमच्या घराच्या चांगलेच ओळखीचे आहे. आमचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले. आजोबा चार भाऊ; त्यांतले दुसरे, ज्यांना सर्वजण अप्पा म्हणत, ते जन्मांध होते. 1926 साली घरची वाटणी झाली. वाटणीपत्र मोडीत लिहिलेले असून ते माझ्या संग्रही आहे. आगर, भातजमीन, घराच्या खोल्या, तांब्यापितळेची भांडी ह्या साऱ्यांचे तीन वाटे आहेत. अप्पांच्या वाट्याला अन्नवस्त्र आले, आणि तेही मोठ्या काटेकोर हिशेबाने. वर्षाचे महिने बारा, डोळस भाऊ तीन, म्हणून प्रत्येकाकडे चार महिने. दोन वर्षे उशीर झाला असता तर वाटे चार झाले असते.

अप्पांना कोणी छळले असे मी ऐकलेले नाही. वडील सांगत की ताटात त्यांना कधी उणे पडले नाही आणि दिवाळीला धोतरजोडी चुकली नाही. ते उत्तम सुंभ वळीत. तो ज्या भावाकडे पाळी असेल त्याच्या घरी जाई. तपकिरीसाठी मात्र मागावे लागे. पाळी बदलण्याच्या आदल्या रात्री ते आपले गाठोडे बांधून उशाशी ठेवीत आणि सकाळी कोणीतरी हाताला धरून त्यांना पलीकडच्या पडवीत नेऊन पोहोचवी. त्याच घराच्या दोन पडव्या. अंतर असेल चाळीस पावलांचे. ते त्यांना एकट्याने सहज चालता येत असे, असे वडील म्हणत. पण नेऊन पोहोचविण्याची रीत पडली होती. 1958 मध्ये, तिसऱ्या पाळीत, ते वारले.

धर्मशास्त्राने सांगितलेले सर्व आमच्या घराने पाळले होते. म्हणूनच ‘भर्तव्य’ ह्या शब्दातली दया खरी असूनही अपुरी कशी पडते, हे मला पुस्तकांपेक्षा ह्या गाठोड्यावरून अधिक कळले.

स्वतंत्र भारताच्या पहिल्या काही दशकांत सरकारची वृत्तीही फारशी वेगळी नव्हती. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने 1928 च्या कायद्यातले उरलेले अपवाद पुसले, ही गोष्ट मोठी. पण मालमत्तेपलीकडे जे राष्ट्राचे एकत्र कुटुंब, त्याच्या मिळकतीत, म्हणजे शाळेत, नोकरीत, रस्त्यात, आगगाडीत, वाटा मिळण्याची भाषा फारशी नव्हती. संस्था होत्या, देणग्या होत्या. इतकेच काय, मोजदादही नव्हती. इंग्रजी अमदानीत 1931 पर्यंतच्या खानेसुमारीत आंधळे, मुकेबहिरे, वेडे व कुष्ठी ह्यांचा आकडा असे. 1941 पासून तो रकाना गेला, 1981 ला परतला, 1991 ला पुन्हा गेला. ज्याला वाटा द्यावयाचा नाही त्याला मोजण्याचे कारण काय? 2001 च्या खानेसुमारीतही हा प्रश्न सुरुवातीस नव्हता. जावेद अबिदी आणि त्यांचे सहकारी ह्यांनी पाठपुरावा केला तेव्हा तो आला, आणि 2 कोटी 19 लाख माणसे कागदावर अवतरली. 2011 मध्ये ती 2 कोटी 68 लाख झाली.

ह्याच अबिदींनी, जे स्वतः चाकांच्या खुर्चीत बसून वावरत, 1995 च्या डिसेंबरात दिल्लीस आंदोलन उभारले होते. त्याच महिन्यात संसदेने विधेयक मंजूर केले. ह्या कायद्याने सात प्रकारची अपंगत्वे मानली. सरकारी नोकऱ्यांत निदान 3 टक्के जागा राखल्या. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्यास काढून टाकण्यास मनाई केली. माझ्या मते हे कलम सर्वांत उत्तम, कारण हातपाय सुरक्षित असलेल्या प्रत्येक कारकुनाला ते आपले वाटण्यासारखे होते. परंतु रस्ते, इमारती व वाहने ह्यांविषयीच्या कलमांत एक शेपूट जोडले होते : सरकारने हे ‘आर्थिक कुवतीच्या व विकासाच्या मर्यादेत’ करावे. हे शब्द वाचले की मला आमच्या वाटणीपत्राची आठवण होते. पोसू, पण ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे.

त्या 3 टक्क्यांसाठीही झगडावे लागले. टक्के कशाचे, एकूण जागांचे की अपंगांस योग्य म्हणून निवडलेल्या जागांचे, एवढा त्रैराशिकाचा प्रश्न सुटण्यास 2013 साल उजाडले. अंधांच्या राष्ट्रीय महासंघाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एकूण जागांचे, असा निकाल दिला. म्हणजे अंश जाहीर झाल्यानंतर त्याचा अर्थ ठरण्यास सतरा वर्षे लागली.

2007 मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंगांच्या हक्कांविषयीच्या करारास मान्यता दिली. त्यातून 2016 चा कायदा निघाला. प्रकार सातांचे एकवीस झाले, टक्के तीनाचे चार झाले. ‘दिव्यांग’ हा नवा शब्दही सरकारी मराठीत रुळला. तो पुष्कळांना आवडतो, मला तितकासा नाही. उणीव झाकण्यासाठी दिव्यत्व बहाल करणे हा दानधर्माचाच एक प्रकार वाटतो. पण शब्दांवर रुसून बसण्याचे वय आता राहिले नाही. मला त्या कायद्यातले तेरावे कलम मोलाचे वाटते. अपंगांना इतरांच्या बरोबरीने मालमत्ता बाळगण्याचा व वारशाने मिळविण्याचा हक्क आहे, असे ते म्हणते. कायदेपंडित कदाचित विचारतील की 1956 नंतर ह्याची गरज काय होती. दोन हजार वर्षे जे उलट सांगितले गेले ते एकदा सुलट करून स्पष्ट लिहावे, एवढी गरज मला पुरेशी वाटते. आर्थिक कुवतीचे शेपूट इमारतींच्या कलमांतून गेले आहे. सामाजिक सुरक्षेच्या कलमात ते अजून आहे.

इमारतींची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. एका महाविद्यालयात मी पुष्कळ वर्षे शिकविले. तेथे तपासणी यावयाची म्हणून प्रवेशद्वाराशी उतार बांधण्यात आला. तो चढून गेले की दाराच्या उंबऱ्याशी दोन पायऱ्या लागत. छायाचित्रात त्या येत नसत. 2024 च्या नोव्हेंबरात, राजीव रतुरी ह्यांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेविषयीचा नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपाचा आहे म्हणून तो मूळ कायद्याशी विसंगत ठरविला, आणि बंधनकारक मापे ठरविण्यास सांगितले. त्या दोन पायऱ्या मला तेव्हा आठवल्या. 2025 च्या मार्चात त्याच न्यायालयाने सांगितले की दृष्टी नाही एवढ्यावरून कोणाला न्यायाधीशाच्या पदापासून दूर ठेवता येणार नाही. ज्याच्या डोळ्यांविषयी एके काळी न्यायालयात साक्षी निघत, तो आता साक्षी घेईल.

माझ्या मार्गदर्शनाखाली वारसा कायद्याच्या इतिहासावर संशोधन करणारी एक विद्यार्थिनी दृष्टिहीन आहे. छापील मजकूर तिला संगणक वाचून दाखवितो. मोडीपुढे मात्र त्याचे काही चालत नाही. म्हणून आमचे वाटणीपत्र मीच तिला एका दुपारी वाचून दाखविले. तीन वाटे, भांड्यांची यादी, मग अप्पांचे चार-चार महिने. तिने सारे टिपून घेतले, आणि विचारले, ‘‘सर, ह्यावर सह्या कोणाकोणाच्या आहेत?’’

आजोबांची, त्यांच्या दोन भावांची आणि तीन साक्षीदारांची, अशा सहा सह्या होत्या. त्या मी तिला क्रमाने वाचून दाखविल्या.

‘‘आणि अप्पांची?’’ ती म्हणाली. ‘‘निदान अंगठा?’’

इतक्या वर्षांत मी तो कागद कितीदा तरी वाचला होता. मी तो पुन्हा उलटून पाहिला, पाठीमागची बाजूही पाहिली, आणि नाही म्हणून सांगितले. तिने तेही टिपून घेतले.