सनदेचा झेंडा : बडोद्याच्या निशाणाची कुळकथा

कोयलीचे नाव आज देशाला ठाऊक आहे ते तिथल्या रिफायनरीमुळे. बडोदे शहराच्या वायव्येला, या गावाच्या शिवारात सोव्हिएत तंत्रज्ञांच्या मदतीने तेलशुद्धीकरणाचा कारखाना उभा राहिला आणि १९६५ साली सुरू झाला. त्याआधीची कोयली म्हणजे बडोद्याच्या मुलुखातले एक खेडे. पीक काढावे, सारा भरावा आणि दसऱ्याला शहरात निघणारी स्वारी पाहायला जावे, असा तिथला क्रम. १७३४ मध्ये गायकवाडांनी बडोदे घेतले आणि १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. मधली दोनशे पंधरा वर्षे या गावावर मराठ्यांचे निशाण होते. गुजराती बोलणाऱ्या या शिवारावर फडकणारा झेंडा आला कुठून, तो कुणाचा होता आणि अखेर कुठे गेला, याचा माग काढला की मराठेशाहीत झेंड्याला काय अर्थ होता ते समजते. तो अर्थ आपण आज बराचसा विसरलो आहोत.

सुरुवात भगव्यापासून करायला हवी. शिवछत्रपतींच्या राज्याचे निशाण भगवे. समर्थ रामदासांच्या झोळीत महाराजांनी राज्य घातले आणि समर्थांनी ते परत देताना आपल्या छाटीचा रंग झेंड्याला दिला, ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कथा म्हणून ती सुंदर आहे. पण हा रंग मराठी मुलुखाला त्याच्याही आधीपासून ओळखीचा होता. वारकऱ्यांच्या खांद्यावरची पताका याच रंगाची, संन्याशाची वस्त्रेही याच रंगाची. रंग येतो काव किंवा गेरू या तांबड्या मातीतून, आणि त्या मातीचा तांबडेपणा असतो लोहाच्या संयुगाचा. कुसुंब्याच्या फुलांचा रंग काढल्यावर कितीतरी खुलून दिसतो, पण उन्हात लवकर उडतो. कावेची माती स्वस्त, डोंगरपायथ्याला मिळणारी, आणि उन्हाला न हटणारी. वर्षभर गडाच्या ढालकाठीवर राहायचे निशाण असो की पंढरीच्या वाटेवर उन्हापावसात चालणारी पताका, दोन्हींना हाच रंग पुरा पडणार. त्यागाचा अर्थ आणि टिकाऊपणाचा व्यवहार एकाच मातीत सापडला, म्हणून भगवा गोसाव्याचाही झाला आणि राज्याचाही.

दुसरे निशाण जरीपटक्याचे. त्याची जन्मकथा ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात दिली आहे. औरंगजेब दक्षिणेत ठाण मांडून बसलेला, रायगड गेलेला, आणि छत्रपती राजाराम महाराज दूर जिंजीच्या किल्ल्यावर. अशा दिवसांत संताजी घोरपडे यांना सेनापतिपद मिळाले आणि त्यासोबत जरीपटका हे नवे निशाण व नौबत वाजवण्याचा मान मिळाला. राजधानी नव्हती, खजिना नव्हता, राजाही वेढ्याच्या छायेत होता. तरीही रणांगणावर छत्रपतींचा हुकूम चालतो आहे हे सैन्याला दिसायला हवे होते. ते काम जरीच्या त्या पट्टीने केले. ज्याच्या पुढे जरीपटका चालतो तो स्वतःच्या नावाने लढत नाही, छत्रपतींच्या वतीने लढतो. म्हणून जरीपटका कुणी आपल्या मनाने उभारायचा नसे. तो दिला जाई, आणि दिलेला परतही घेता येई. सनद कागदावर लिहिलेली असते. जरीपटका ही कापडावर उतरलेली सनद होती.

गायकवाडांचे निशाण गुजरातेत आले ते याच रीतीने. हे घराणे मूळचे पुण्याजवळच्या खेड तालुक्यातील दावडीचे. १७१७ मध्ये शाहू महाराजांनी खंडेराव दाभाड्यांना सेनापती केले आणि गुजरातच्या मोहिमा दाभाड्यांकडे आल्या. त्यांच्या हाताखाली पहिले दमाजी गायकवाड नावारूपाला आले. १७२० च्या बाळापूरच्या लढाईतील पराक्रमाबद्दल त्यांना ‘समशेर बहादुर’ हा किताब मिळाला. त्यांचे पुतणे पिलाजीराव यांनी सोनगडला ठाणे केले आणि तिथून गुजरातेत मुलूखगिरी चालवली. १ एप्रिल १७३१ रोजी डभोईजवळ मराठेच मराठ्यांशी लढले. एका बाजूला पेशवे पहिले बाजीराव, दुसऱ्या बाजूला सेनापती त्रिंबकराव दाभाडे आणि त्यांच्यासोबत पिलाजीराव. त्रिंबकराव लढाईत पडले. या आपसातल्या रक्तपातानंतर शाहू महाराजांनी जी घडी बसवली तिच्यात बडोद्याच्या राज्याचे बीज आहे. सेनापतिपद त्रिंबकरावांचे धाकटे भाऊ यशवंतराव यांना मिळाले आणि पिलाजीराव ‘सेनाखासखेल’ होऊन त्यांचे मुतालिक, म्हणजे त्यांच्या वतीने कारभार पाहणारे, झाले. पुढच्याच वर्षी डाकोरला पिलाजीरावांचा दग्याने खून झाला. त्यांचे पुत्र दुसरे दमाजीराव यांच्या काळात गायकवाडांनी १७३४ मध्ये बडोदे घेतले ते कायमचे.

म्हणजे बडोद्यावर चढलेला झेंडा बडोद्याचा नव्हता. साताऱ्याच्या छत्रपतींनी सेनापतींना अधिकार दिला, सेनापतींच्या वतीने मुतालिकाने मुलूख जिंकला, आणि तिथे निशाण लागले छत्रपतींचे. मग पेशव्यांशी वाटण्या झाल्या. ताराबाईंच्या बाजूने साताऱ्याकडे निघालेल्या दमाजीरावांना १७५१ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी कैद केले आणि गुजरातच्या निम्म्या हिश्शाचा करार झाल्यावर सोडले. १७५३ मध्ये राघोबादादा आणि दमाजीराव यांनी मिळून अहमदाबाद घेतले आणि शहराचा वसूल दोघांत वाटून घ्यायचे ठरले. अहमदाबादेतील गायकवाडांची हवेली त्या भागीदारीची साक्ष देत आजही उभी आहे. हिशेबावरून भांडणे रोजची होती. तरी दोन्ही पक्ष आपापला अधिकार एकाच छत्रपतींकडून आलेला मानत होते, आणि पानिपतावर दमाजीराव गेले ते याच नात्याने.

या राज्याचे नाणे पाहिले की ही व्यवस्था किती पदरी होती ते हातात धरून बघता येते. बडोद्याच्या जुन्या रुपयांवर नाव असे दिल्लीच्या बादशहाचे, फारसी लिपीत. त्याच नाण्यावर नागरीत त्या त्या गायकवाडांच्या नावाचे अक्षर असे आणि शेजारी एक वाकडी तलवार. ती समशेर म्हणजे बाळापूरला मिळालेल्या किताबाची आठवण. १८०२ पासूनच्या तहांनी ईस्ट इंडिया कंपनीची फौज आणि रेसिडेंट बडोद्यात आले, तेव्हा चौथा पदरही चढला. निशाण साताऱ्याच्या अधिकाराचे, नाणे दिल्लीच्या नावाचे, हिशेब पुण्याच्या पेशव्यांशी आणि तह कंपनीशी. कोयलीच्या पटेलाने भरलेला एकेक रुपया या चारी सत्तांच्या सावलीतून कचेरीत जात होता.

हे पदर तुटायला सुरुवात झाली एका खुनाने. पेशवे आणि गायकवाड यांच्यातील जुन्या बाकीचा व अहमदाबादच्या मक्त्याचा वाद मिटवण्यासाठी बडोद्याचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन पुण्याला गेले होते. कंपनी सरकारने त्यांच्या सुरक्षिततेची हमी घेतली होती. जुलै १८१५ मध्ये, आषाढीच्या दिवसांत, पंढरपुरात विठ्ठलाच्या दर्शनाहून परतताना त्यांचा खून झाला. आळ दुसऱ्या बाजीरावांचे विश्वासू त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर आला. पुण्याचा इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टनने त्रिंबकजींना मागून घेतले, ते ठाण्याच्या तुरुंगातून निसटले, आणि जून १८१७ मध्ये पुण्याचा तह पेशव्यांवर लादला गेला. त्या तहाने गायकवाडांवरील पेशव्यांचा हक्क संपला. बडोदे पुण्यापासून सुटले आणि कंपनीला अधिकच बांधले गेले.

पाचच महिन्यांत, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, खडकीची लढाई झाली. पेशव्यांची फौज शहराबाहेर निघताना जरीपटक्याची काठी मोडली, असे ग्रँट डफने लिहून ठेवले आहे. सैन्याने तो अपशकुन मानला. जरीपटका सांभाळणारे मोरो दीक्षित त्या दिवशी रणात पडले. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले, आणि ते चढवले बाळाजीपंत नातूंनी. जिंजीच्या वेढ्यात जन्मलेल्या निशाणाचा पुण्यातला प्रवास असा सव्वाशे वर्षांत थांबला. त्यानंतर इंग्रजांनी साताऱ्याला छत्रपतींचे छोटे राज्य राखले होते. १८४८ मध्ये डलहौसीने तेही खालसा केले.

इथे बडोद्याची गोष्ट विलक्षण वळण घेते. अधिकार देणारे छत्रपतींचे राज्य गेले, ज्यांचे मुतालिक म्हणून गायकवाड आले ते सेनापती केव्हाच मागे पडले होते, आणि पेशवाईही बुडाली. तरीही गायकवाडांनी किताब सोडला नाही. १८५७ नंतर बादशहाचे नाव निरर्थक झाले तेव्हा बडोद्याचे राजे खंडेराव महाराज गायकवाड यांच्या नाण्यांवर जे शब्द आले ते ‘सेनाखासखेल समशेर बहादुर’ हेच. देणारा नाहीसा झाल्यावरही दिलेल्या पदाची शपथ पाळावी तसा तो किताब बडोद्याचे राजे अखेरपर्यंत लावत राहिले. संस्थानाच्या मानचिन्हावरचे ब्रीदही त्याच जातीचे आहे : ‘जीन घर, जीन तख्त’. घोड्याचे खोगीर हेच घर आणि तेच सिंहासन. ज्यांचा अधिकार मोहिमेवरच्या सनदेतून आला, त्यांचे हे नेमके वर्णन आहे. महालात राहणाऱ्या राजाने स्वतःला रोज करून द्यायची ती आठवण होती.

खंडेरावांच्या काळात बडोद्याची स्वारी वैभवाच्या शिखरावर होती. १८६० च्या दशकात फ्रेंच प्रवासी लुई रूसले बडोद्यात राहिला आणि त्याने त्या मिरवणुकीचे वर्णन करून ठेवले. स्वार, तोफा आणि शृंगारलेले हत्ती, आणि त्यांत एका प्रचंड हत्तीवर जरीच्या कापडाचे राजनिशाण. शनिवारवाड्यावरून उतरलेले वैभव गुजरातेच्या रस्त्यावर असे जिवंत होते. आजूबाजूच्या गावांतून आलेल्या माणसांना राज्य म्हणजे काय ते कळायचे ते या हत्तीकडे पाहून.

पण तेव्हा निशाण मिरवणारे हात दुबळे झाले होते. खंडेरावांनंतर गादीवर आलेल्या मल्हारराव महाराजांवर रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याचा आरोप आला. चौकशी मंडळातील तिन्ही हिंदी सदस्यांना तो सिद्ध झालेला वाटला नाही. तरीही एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराचे कारण देऊन त्यांना गादीवरून दूर करण्यात आले. खंडेरावांच्या राणी जमनाबाईसाहेबांनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावातून गोपाळ या मुलाला दत्तक घेतले. तेच पुढे तिसरे सयाजीराव.

हे बालमहाराज १८७७ च्या दिल्ली दरबाराला गेले तेव्हा व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले गेले. त्या वेळी प्रमुख संस्थानिकांना एकेक ध्वज भेट देण्यात आला. बंगाल सिव्हिल सर्व्हिसमधील रॉबर्ट टेलर यांनी प्रत्येक संस्थानासाठी युरोपीय धर्तीची ढालीची मानचिन्हे रेखाटली, ती साटिनवर उतरवली आणि जड दांड्यांवर लावली. दांडे इतके जड की एकेक ध्वज उचलायला दोन धिप्पाड सैनिक लागत, असे व्हाइसरॉय लिटनने स्वतःच राणीला कळवले. ध्वजावर देणाऱ्याचे नाव होते व्हिक्टोरिया, आणि तारीख होती १ जानेवारी १८७७.

ब्रिटिशांनी मराठ्यांची जुनी रीत ओळखली होती आणि ती आपल्या कामाला लावली. निशाण देणारा मोठा आणि घेणारा त्याचा चाकर, हा नियम तोच राहिला. फरक पडला तो अर्थात. संताजींना मिळालेल्या जरीपटक्यामागे काम होते : औरंगजेबाच्या फौजा अडवायच्या, राज्य वाचवायचे. १८७७ च्या ध्वजामागे लढायला रणांगणच नव्हते. तो उभा करायचा होता दरबारात, तोफांच्या सलामीच्या क्रमाने. आणखी एक गोष्ट त्याने केली. एका छत्रपतींच्या अधिकाराखाली असलेली ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, धार, देवास ही राज्ये आता वेगवेगळ्या चिन्हांची वेगवेगळी घराणी ठरली. ज्या निशाणाने त्यांना एकत्र बांधले होते त्याच्या जागी त्यांना वेगळे पाडणारी निशाणे आली.

सयाजीरावांनी मात्र जबाबदारी दुसऱ्या ठिकाणी शोधली. सक्तीचे प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेलीत सुरू झाले आणि १९०६ मध्ये संस्थानभर लागू झाले. गावोगाव वाचनालये निघाली. घोड्यावरून मुलूख राखण्याचे दिवस संपले, तेव्हा प्रजेला शिकवणे हीच मोहीम आहे, असे त्यांनी कृतीने सांगितले. सेनाखासखेल या जुन्या पदाला एवढा नवा आणि खरा अर्थ दुसऱ्या कुणी दिला नाही.

१९४७ च्या एप्रिलमध्ये बडोद्याचे प्रतिनिधी घटना समितीत जाऊन बसले. तिथे जाणाऱ्या पहिल्या संस्थानांपैकी बडोदे एक होते. २२ जुलैला त्याच समितीने तिरंगा स्वीकारला. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि बरोबर अकरा वर्षांनी, १ मे १९६० ला, गुजरात व महाराष्ट्र वेगळे झाले. दोघांपैकी एकाही राज्याला आज स्वतःचा अधिकृत झेंडा नाही. १९९४ च्या बोम्मई खटल्याच्या निकालात, राष्ट्रध्वजाचा मान राखून राज्याने आपला ध्वज ठेवायला घटनेची मनाई नाही, असे मत आले आहे. त्यामुळे राज्याचा झेंडा हवा की नको ही चर्चा अधूनमधून उठते, आणि ती होते मुख्यतः रंग आणि चिन्ह यांवर.

बडोद्याची कुळकथा त्या चर्चेत एक प्रश्न घालते आणि तो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. हा झेंडा कुणी दिला, आणि कोणत्या कामासाठी दिला? जिंजीत तो छत्रपतींनी दिला, राज्य वाचवण्यासाठी. दिल्लीत तो राणीने दिला, आज्ञेत ठेवण्यासाठी. तिरंगा देणारे मात्र घटना समितीतले लोकप्रतिनिधी होते, म्हणजे बडोद्याच्या वतीने तिथे बसलेलेही त्यात आले. प्रजा पहिल्यांदाच देणाऱ्याच्या जागी आली. म्हणून जो कुणी सरकारी इमारतीवर तो चढवतो तो मुतालिक आहे, मालक नव्हे. कोयलीच्या ग्रामपंचायतीपासून दिल्लीपर्यंत ज्याच्या ज्याच्या पुढे हे निशाण चालते, त्याने नेमून दिलेल्या कामाचा हिशेब लोकांना द्यायचा आहे. आणि जरीपटक्याची जुनी रीत लक्षात ठेवायची आहे : दिलेले निशाण परतही घेता येते.