समुद्रकाठचे जुने हॉटेल आणि गच्चीवरची बाग

१८६७ या वर्षाच्या चार नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहू. इंग्लंडमध्ये स्कारबरो या समुद्रकाठच्या गावी ‘ग्रँड’ नावाचे प्रचंड हॉटेल सुरू झाले. मुंबईत एस्प्लनेडवर वॉटसनच्या हॉटेलाची उभारणी सुरू झाली. त्याचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार होऊन जहाजाने आला होता, आणि त्या काळी समुद्रही तिथून आजच्यापेक्षा बराच जवळ होता. पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात बर्लिनच्या कार्ल राबिट्झ या बांधकाम व्यावसायिकाने छतावरील बागेची प्रतिकृती मांडली. आणि फ्रान्समध्येच जोसेफ मोनिए नावाच्या माळ्याने लोखंडी जाळी घातलेल्या सिमेंटच्या कुंड्यांचे पेटंट घेतले.

या चार घटनांचा एकमेकींशी संबंध आहे असे तेव्हा कोणाला वाटले नसेल. पण समुद्रकाठच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या हॉटेलाच्या गच्चीवर आज बाग करायची झाली, तर आराखडा काढणाऱ्याला या चारही धाग्यांपाशी यावेच लागते. कारण तिथे ‘कोणती फुले लावावीत’ हा प्रश्न सर्वांत शेवटी येतो. त्याआधी पाणी, वजन आणि मीठ यांचा हिशेब करावा लागतो. हा हिशेब माणूस टप्प्याटप्प्याने कसा शिकला, ते पाहू.

पहिला प्रश्न पाण्याचा. झाडाला पाणी हवे आणि छताला ते नको. बाबिलोनची झुलती बाग प्रत्यक्षात होती की नव्हती, आणि असल्यास बाबिलोनमध्येच होती का, यावर विद्वानांत वाद आहे. परंतु इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात डायोडोरस या ग्रीक इतिहासकाराने तिचे जे वर्णन केले, ते आजच्या अभियंत्यालाही ओळखीचे वाटेल. दगडी तुळयांवर डांबरात बसवलेला बोरूंचा थर, त्यावर भाजलेल्या विटांचे दोन थर, त्यावर शिशाचे पत्रे आणि मग माती. म्हणजे पाणी अडवणारे थर खाली आणि माती वर, ही रचना तेव्हाही विचारपूर्वक केलेली दिसते.

शिसे महाग आणि जड. सामान्य घरांना परवडेल असा उपाय १८३९ साली सॅम्युएल हॉयस्लर या जर्मन माणसाने काढला. कागदाचे थर डांबरासारख्या मिश्रणाने एकावर एक चिकटवायचे आणि त्यावर वाळू-खडीचा थर पसरायचा. पुढे बर्लिनमधील अनेक चाळवजा इमारतींवर अशी छपरे झाली. वाळू-खडीमुळे आगीची भीतीही कमी होई. राबिट्झने छतावर बाग करण्याची कल्पना मांडली, तीही जलरोधक थर भरवशाचा झाल्यामुळेच.

या छपरांनी एक अनपेक्षित प्रयोगही करून दाखवला. वाऱ्याने उडून आलेले बी त्या वाळू-खडीत रुजले. १९८०च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञांनी पाहणी केली, तेव्हा त्यांतील काही जुन्या छपरांवर गवते आणि इतर लहान वनस्पती नांदत असलेल्या आढळल्या. खाली वीतभरही माती नव्हती, आणि मशागत कोणी केलेली नव्हती.

दुसरा प्रश्न वजनाचा. एक चौरस मीटर जागेवर ३० सेंटिमीटर जाडीचा बागेतील मातीचा थर टाकला आणि तो पावसात पूर्ण भिजला, तर त्याचे वजन साडेपाचशे ते सहाशे किलोग्रॅम भरते. लोकांची ये-जा असलेल्या सपाट छतासाठी भारतीय मानकाने (१९८७) धरलेला भार दर चौरस मीटरला सुमारे १५० किलोग्रॅम आहे. म्हणजे माणसांसाठी बांधलेल्या गच्चीवर आपण जवळजवळ चौपट ओझे ठेवू पाहतो. शिवाय एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर, अर्थात एक किलोग्रॅम पाणी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा दिवशी पाला अडकून गच्चीचे पन्हळ तुंबले, तर काय होईल याचा हिशेब विद्यार्थीही करू शकतील.

वजनाचे उत्तर मोनिएच्या कुंडीत दडलेले होते. सिमेंट दाब चांगला सोसते, ताण सोसत नाही; लोखंड ताणही सोसते. या जोडीतून पुढे प्रबलित काँक्रीट आले आणि सपाट, भक्कम छते सर्रास होऊ लागली. माळ्याने कुंड्या टिकाव्यात म्हणून केलेली युक्ती अखेर बागेलाच छतावर घेऊन गेली! लंडनमध्ये केन्सिंग्टन येथे ‘डेरी अँड टॉम्स’ या दुकानाच्या छतावर १९३८ साली सुमारे दीड एकराची बाग खुली झाली. रॅल्फ हॅनकॉकने आखलेल्या या बागेत मोठी झाडे होती, ओढाही होता. पण ती इमारत १९३०च्या दशकातली, पोलादी सांगाड्याची. १८६७च्या हॉटेलाकडून तीच अपेक्षा ठेवता येत नाही.

तिसरा प्रश्न मिठाचा. किनाऱ्यावरची झुडपे समुद्राकडच्या बाजूने कातरल्यासारखी आणि जमिनीकडे झुकलेली दिसतात. वाऱ्याने पाने सुकतात म्हणून असे होते, अशी समजूत होती. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर काम करणाऱ्या वेल्स आणि शंक या शास्त्रज्ञांनी १९३८ साली दाखवून दिले, की खरे कारण वाऱ्यासोबत येणारे खारे तुषार आहे. पानांवरच्या बारीक जखमांतून मीठ आत शिरते आणि वाऱ्याकडचे शेंडे मरतात. कोकणातील शिक्षकांना मर्यादवेल, केवडा, उंडी किनाऱ्यावर तग धरताना रोज दिसतात. गच्चीवर आडोसा नसल्याने तिथे झाडे निवडताना हीच कसोटी लावावी लागते.

मीठ झाडांपुरते थांबत नाही. काँक्रीटमधील अल्कधर्मी वातावरणात लोखंडावर एक संरक्षक पापुद्रा तयार होतो. मिठातील क्लोराइड तो भेदते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि काँक्रीटला तडे जातात. स्लॅबचे पोपडे पडताना आपण पाहतो, ते अनेकदा याच कारणाने. वर सतत ओली माती असेल आणि जलरोधक थर फाटलेला असेल, तर खाऱ्या हवेने सुरू केलेले काम बाग पुरे करते.

म्हणून जुन्या हॉटेलाचा आराखडा खालून वर जातो. आधी भिंती, तुळया आणि गंज तपासायचा. जड वाफे भार पेलणाऱ्या भिंतींच्या आणि खांबांच्या डोक्यावर ठेवायचे. मधल्या भागात भाजून फुगवलेल्या मातीच्या हलक्या गोळ्यांचा पातळ थर द्यायचा. बर्लिनच्या छपरांनी तेवढ्यावर भागते हे दाखवलेच आहे. मुळांना अडवणारे अस्तर घालायचे, पन्हळांभोवती जागा मोकळी सोडायची. आणि सारे उचलून बाजूला करता यावे असे मांडायचे, म्हणजे छताची दुरुस्ती अडत नाही.

हे शक्य नसेल तर बाग करू नये, हेही एक शास्त्रीय उत्तर आहे. वॉटसनच्या त्या इमारतीचा काही भाग २००५च्या पावसाळ्यात कोसळला. जुनी वास्तू एकदा गेली की परत मिळत नाही. उलट बाजूही लक्षात ठेवावी. मुंबईचे ‘हँगिंग गार्डन’ ही मलबार टेकडीवरील जलाशयाच्या छतावरची एकोणिसाव्या शतकातली बाग आहे. २०२३ साली तो जलाशय पाडून नवा बांधण्याची योजना पुढे आली, तेव्हा नागरिकांनी विरोध केला आणि तज्ज्ञांकरवी तपासणी झाली. त्यांतील आयआयटीच्या प्राध्यापकांनी दुरुस्ती पुरेशी असल्याचे मत दिले. ‘जुने आहे म्हणून पाडा’ आणि ‘जुने आहे म्हणून टिकेलच’ ही दोन्ही विधाने तपासणीशिवाय निरर्थक ठरतात.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. दोन सारखे डबे घ्या. एकात बागेतील माती, दुसऱ्यात विटांचा चुरा आणि थोडे कंपोस्ट भरा. दोन्ही कोरडे असताना आणि पूर्ण भिजवल्यावर तोला. मग शाळेच्या गच्चीचे क्षेत्रफळ मोजून, दहा सेंटिमीटर थराचे एकूण वजन मुलांना काढू द्या. येणारा आकडा पाहिल्यावर, माळ्याच्या आधी अभियंत्याला का बोलवायचे, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.