अंकांचें बालपण

घरीं पाहुणे आले कीं, चार वर्षांच्या मुलाला एक ते शंभर अंक म्हणून दाखविण्याची आज्ञा होते. मूल एका दमांत शंभर गांठतें, पाहुणे शाबासकी देतात आणि आईबापांस धन्यता वाटते. त्याच मुलापुढें सात सुपाऱ्या ठेवून “या किती?” असें विचारलें, तर बोट पांचव्या सुपारीवर आणि जीभ आठावर, अशी त्याची त्रेधा उडते. अंक म्हणतां येणें निराळें आणि संख्या कळणें निराळें. हा भेद ओळखून बालशिक्षणाची रचना कशी होत गेली, याचा इतिहास मनोरंजक आहे. तो आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळेंत मुलें धूळपाटीवर अंक गिरवीत आणि सुरांत पाढे म्हणत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी अशी ती चढती शिडी होती. सोळा आण्यांच्या रुपयाचा आणि शेर-मणांचा हिशेब तोंडीं करणाऱ्या समाजाला त्या पाठांतराचा उपयोग मोठा होता; त्याची थट्टा करणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु ती विद्या हिशेबाला बसणाऱ्या वयासाठीं होती. तीन-चार वर्षांच्या मुलाचा विचार तींत नव्हता.

तो विचार जर्मनींत फ्रोबेलनें पद्धतशीरपणें केला. ब्लांकेनबुर्ग येथें १८३७ सालीं त्यानें लहान मुलांसाठीं संस्था काढली व १८४० सालीं तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांचा बगीचा, हें नांव दिलें. लोकरीचे रंगीत चेंडू, मग लांकडी गोल, दंडगोल आणि घन, अशा क्रमानें तो मुलांस खेळणीं देई. त्यांतील एक घन सुटून त्याचे आठ लहान घन होत. मूल ते कधीं चार-चार, कधीं दोन-दोन मांडी आणि पुन्हां जुळवून सबंध करी. अर्धें व पाव हे शब्द ऐकण्यापूर्वींच ते त्याच्या हातांत आलेले असत. नास्तिकतेचा व समाजवादाचा संशय घेऊन प्रशियाच्या सरकारनें १८५१ सालीं या बालोद्यानांवर बंदी घातली. ती १८६० सालीं उठली.

पुढें रोम शहरांतील सान लोरेंझो या गरीब वस्तींत ६ जानेवारी १९०७ रोजीं डॉ. मारिया माँटेसरी यांनीं कामकऱ्यांच्या मुलांसाठीं बालगृह उघडलें. त्यांच्या साधनांत दहा दांड्या आहेत. सर्वांत आंखूड दांडी दहा सेंटिमीटरांची, सर्वांत लांब एक मीटरची, आणि दर दहा सेंटिमीटरांवर आळीपाळीनें तांबडा व निळा रंग. नवाच्या दांडीपुढें एकाची ठेवली कीं, दहाची भरते, हें मूल डोळ्यांनीं पाहतें. दुसरें साधन काड्यांच्या पेटीचें. शून्य ते नऊ असे तिचे कप्पे आणि काड्या बरोबर पंचेचाळीस. शेवटीं काडी उरली किंवा कमी पडली, तर चूक कोठेंतरी झाली हें मुलाला आपोआप कळतें. गुरुजींस रागवावें लागत नाहीं. शून्याचा कप्पा मात्र रिकामाच राहतो. शून्याचा वारसा अभिमानानें सांगणाऱ्या आम्हांस, तें मुलाला शिकविण्याची इतकी सोपी युक्ति परकीयांनीं दाखवावी, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

ही पद्धति आपल्याकडे आणणारे गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं काठेवाडांतील भावनगर येथें बालमंदिर सुरू केलें. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं ठाणें जिल्ह्यांतील (आतां पालघर) बोर्डी या समुद्रकांठच्या गांवीं काम आरंभिलें. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. सुताराकडून घडविलेलीं महाग साधनें खेड्याला कशीं परवडणार? म्हणून शिंपले, खडे, बिया आणि पानें हींच साधनें झालीं. मुलें शाळेंत येईनात, तेव्हां शाळाच त्यांच्या अंगणांत गेली. त्या प्रयोगांतून रूढ झालेलें ‘अंगणवाडी’ हें नांव १९७५ सालच्या सरकारी बालविकास योजनेमुळें देशभर पोंचलें.

या इतिहासाचा बोध आमच्या मतें एकच आहे: संख्या आधीं हाताला कळावी, मग जिभेला. त्यासाठीं पैसा लागत नाहीं. “आज जेवायला किती पानें मांडावयाचीं?” हा प्रश्न मुलाला विचारावा आणि पानें त्यालाच मांडूं द्यावीं. एक कमी पडलें, तर आपण बोलूं नये. उभा राहिलेला काका त्याला त्याची चूक दाखवील. चिंचोके, कवड्या, सागरगोटे घरोघरीं मिळण्यासारखे आहेत. पाढे पुढें येतीलच, आणि ते अवश्य यावेत. मात्र पाहुण्यांपुढें चुकण्याची जी धास्ती चौथ्या वर्षीं मनांत बसते, ती चाळिसाव्या वर्षींही गणिताचें नांव काढतांच जागी होते. ती आपल्या हातून बसूं नये, एवढी काळजी आईबापांनीं घेतली तरी पुष्कळ झालें.